भट्टीपाशी वाळवलेला जोड

मित्रांनो, माझ्याकडे पाहून लगेच नाक मुरडू नका. मी बुटांचा एक जुना जोड आहे. दिसायला आम्ही दोघे असलो, तरी जन्मापासून सगळे सोबतच सोसले, म्हणून बोलतो मात्र एकट्यासारखे. माझ्या अंगावर आडव्या भेगा आहेत आणि डावा तळ दोनदा शिवलेला आहे. या भेगा कशा पडल्या, ते तुम्हाला सांगायचे आहे. ते आठवले की मला आजही वाईट वाटते, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझा जन्म एका लांबट खोलीत झाला. तेथे सहा कारागीर ओळीने बसून घोडेस्वारांसाठी बूट शिवत असत. माझा कारागीर फार कमी बोलायचा. मेण लावलेला जाड दोरा चामड्यातून ओढताना तो प्रत्येक टाक्याला फक्त ‘हं’ म्हणायचा. माझ्या अंगात असे साडेचारशे ‘हं’ आहेत. मी तयार झालो तेव्हा त्याने मला उलटेसुलटे करून पाहिले आणि शेवटचा एक ‘हं’ म्हटला. तीच माझी पहिली शाबासकी.

तेथून मी एका दुकानात आलो आणि दोन वर्षे सगळ्यांत खालच्या फळीवर पडून राहिलो. वरच्या फळीवर उंच, काळेभोर, चकचकीत बूट होते. गिऱ्हाईक आले की त्याची नजर तिकडेच जायची. माझा रंग मातकट, बकल नाही, नक्षी नाही. दुकानाच्या मालकिणीला सगळे मावशी म्हणत. ती केर काढायची तेव्हा झाडू माझ्या तोंडावर आपटायचा. मला कोणी घेईल, ही आशा मी सोडूनच दिली होती.

मग एके दिवशी एक बाप आणि त्याची मुलगी दुकानात आली. बापाची पावाची भट्टी होती. त्याच्या कोपरापर्यंत पीठ लागलेले होते. मुलगी अठरा वर्षांची, इतकी बारीक की सगळे तिला काडी म्हणत. तिला आई नव्हती. गावाबाहेरच्या पागेत ती चार वर्षे लीद काढत होती आणि आता कुठे तिला घोडे फिरवायला मिळाले होते. पण घोड्यांची वाट दोन ओढ्यांतून आणि चिखलातून जायची. ती शाळेतल्या जुन्या बुटांत प्लास्टिकच्या पिशव्या घालून काम भागवत होती. रोज संध्याकाळी पाय पांढरेफटक पडायचे. बापाने ते पाहिले आणि पोटाला चिमटा घेऊन पैसे बाजूला टाकले. मात्र आल्या आल्या त्याने बजावले, एकच जोड घेईन, आणि तो पार झिजेपर्यंत दुसरा मागायचा नाही.

काडीचा जीव अर्थातच वरच्या चकचकीत जोडावर गेला. मावशीने मान हलवली. “चकाकी दोन पावसात उतरते. तुला चिखलात जायचंय की फोटोत?” असे म्हणून ती खाली वाकली आणि तिने मला बाहेर काढले. दोन वर्षांत पहिल्यांदा मला कोणी वर उचलत होते.

मावशीने एकेक गोष्ट समजावून सांगितली. पायावरचे चामडे एकसंध हवे. शिवणीचे जोड जितके कमी, तितके पाणी कमी शिरते. नाड्यांखालची जीभ दोन्ही बाजूंनी वरपर्यंत शिवलेली हवी. तळ नुसता चिकटवलेला नको, शिवलेला हवा, म्हणजे झिजला तर बदलता येतो. टाच अंगठ्याएवढी उंच आणि पुढून सरळ कापलेली, म्हणजे पाय खोगिराच्या रिकिबीतून आरपार जात नाही. आणि तळ फार जाड, खाचाखाचांचा नको, नाहीतर स्वार पडला तरी पाय रिकिबीत अडकून राहतो. बाप हे सगळे कान देऊन ऐकत होता. त्याने माझे चामडे अंगठ्याने दाबून पाहिले, पीठ मळून झाले की नाही ते बघतात तसे. मग मावशीने माझ्यात कोरडा कागद कोंबला आणि मला पाण्याच्या घमेल्यात उभे केले. तिघांनी चहा घेतला. अर्ध्या तासाने कागद काढला, तेव्हा बापाने तो गालाला लावला. कागद ठणठणीत कोरडा होता. “हाच,” तो म्हणाला.

एवढ्यात त्याला आठवण झाली की भांड्यातले पीठ फुगून बाहेर आले असेल. तो पैसे ठेवून तसाच पळाला. म्हणून पुढचे त्याने ऐकले नाही. ते मावशीने एकट्या काडीला सांगितले. चिखल ओल्या फडक्याने पुसायचा, आत वर्तमानपत्र कोंबायचे, सावलीत वाळवायचे, आठवड्यातून एकदा मेण लावायचे. “आणि विस्तवाजवळ कधी नाही. कातडंच आहे हे शेवटी,” ती म्हणाली. मित्रांनो, हे वाक्य त्या बापाच्या कानावर पडले असते, तर माझी गोष्ट निराळी झाली असती.

मग सहा वर्षे मी काडीच्या पायात होतो. ती माझ्या सुखाची वर्षे. सकाळी आम्ही पागेत जायचो. भुरी नावाची एक तिरसट घोडी होती, ती काडीखेरीज कोणालाही पाठीवर बसू देत नसे. ओढे, दलदल, दवाने भिजलेले गवत, सगळीकडे आम्ही गेलो. काडीचे पाय एकदाही ओले झाले नाहीत. संध्याकाळी ती आपल्या खोलीत दार लावून मला पुसायची, कागद कोंबायची, खिडकीखाली ठेवायची. पागेचे मास्तर नव्या मुलांना म्हणायचे, “बूट घ्यायचे तर काडीचे बघून घ्या.” हे ऐकून मला मूठभर मांस चढत असे.

सातव्या वर्षी मास्तरांनी जाहीर केले की पागेत शिकवणारी एक जागा भरायची आहे. बाहेरून तीन परीक्षक येणार होते. ओढा, चढण, आडवे टाकलेले ओंडके असा रस्ता घोड्यावरून पार करून दाखवायचा होता. अशी जागा आठ-दहा वर्षांतून एकदा निघायची. काडीचा जीव महिनाभर टांगणीला लागला होता. तिने आयुष्यात एवढे दुसरे काहीच मागितले नव्हते.

परीक्षेच्या आदल्या दिवशी धो धो पाऊस झाला. शिकाऊ मुले ओढ्याच्या पलीकडच्या काठावर अडकली. काडीने भुरीला पाण्यात घातले आणि एकेका मुलाला पाठीमागे बसवून अलीकडे आणले. पाणी तिच्या मांड्यांपर्यंत आले होते. ते माझ्या चामड्यातून आत शिरले नाही, तोंडातून शिरले, एवढे मला माझ्या बाजूने सांगू द्या. दुपारी ती कुडकुडत घरी आली, मला दाराशी काढले आणि पांघरूण घेऊन जी झोपली, ती झोपलीच. सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्यात कागद कोंबला गेला नाही.

थोड्या वेळाने बाप आला. माझ्याखाली पाण्याचे थारोळे झाले होते. त्याने एकदा झोपलेल्या मुलीकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. उद्या परीक्षा आणि बूट असे पचपचीत, या विचाराने तो कासावीस झाला. दुपारचे पाव नुकतेच निघाले होते, भट्टी तापलेली होती. त्याने मला उचलले आणि भट्टीच्या तोंडाशी लोखंडी पत्र्यावर ठेवले.

आधी बरे वाटले, खोटे कशाला बोलू. मग माझे अंग आवळू लागले. टाके ताणले गेले. सहा वर्षे मुरलेले तेल आणि मेण पाझरून बाहेर येऊ लागले. बापाला वाटले ते पाणीच. तो पंच्याने ते हळूच टिपायचा आणि थोड्या थोड्या वेळाने माझी बाजू बदलायचा, दुसरीकडूनही ऊब लागावी म्हणून. त्याच्या चेहऱ्यावर इतकी माया होती की मला ओरडता आले असते तरी मी ओरडलो असतो की नाही, कोण जाणे.

दिवेलागणीला काडी उठली. बाप मला दोन्ही हातांत घेऊन तिच्यापुढे आला. “बघ, कसे कोरडे केलेत.”

तिने मला हातात घेतले आणि दाबून पाहिले. मी लाकडासारखा टणक झालो होतो. तिने पाऊल वाकवायच्या जागी जरा जोर दिला, तसा मी आडवा तडकला.

“बाबा, तुम्ही भाजलेत हे.” तिचा आवाज चढला. “उद्या मी काय घालू? तुम्हाला पावापलीकडे काही कळतं का? काही म्हणजे काही कळतं का?”

 बापाने स्वयंपाकघरातून खायच्या तेलाची बाटली आणली आणि जेवायचे सोडून मला तेल चोळत बसला. काडी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी तिला मलाच घालावे लागले. मी जीव तोडून प्रयत्न केला, मित्रांनो. पण माझा घोटा वाकत नव्हता, त्यामुळे तिची टाच खाली दबत नव्हती. भुरीला पायाची खूण कळेना. ओढ्यात माझ्या भेगांतून पाणी भरले. आणि दुसऱ्या ओंडक्यावरून उडी घेताना माझा डावा तळ उसवला, रिकिबीत अडकला आणि काडी खाली आली. तिचे मनगट मोडले. जागा दुसऱ्या कोणाला मिळाली.

हाताला प्लास्टर घालून ती घरी आली, तेव्हा बाप दारात उभा होता. ती त्याच्या बाजूने आत निघून गेली. हाड जुळायला दोन महिने लागले. तेवढ्या दिवसांत ती त्याच्याशी कामापुरते बोलली. मग दूरच्या एका पागेत काम मिळाले आणि ती गेली. मला तिने बाकाखाली ठेवले होते, तेथेच मी राहिलो.

ती गेली त्याच आठवड्यात बाप मला पिठाच्या फडक्यात गुंडाळून मावशीकडे घेऊन गेला. कुठे चुकले, ते त्याने खाली मान घालून विचारून घेतले. मोच्याकडून तळ शिवून आणला. आणि तेव्हापासून रोज दुपारचे पाव निघाले की तो मला मांडीवर घेऊन बोटाने मेण चोळू लागला. वर्षभरात माझे चामडे पुन्हा मऊ झाले. भेगा मात्र राहिल्या.

काडीचा फोन वर्षातून दोनदा यायचा. तो विचारायचा, पाय कोरडे राहतात ना. ती हो म्हणायची आणि फोन ठेवायची. मनातले दोघांच्याही ओठांपर्यंत येत असेल, पण बोलले कोणीच नाही. अशी सात वर्षे गेली.

मग बाप विसरायला लागला. पिठात मीठ दोनदा पडायचे. कधी भट्टी तापायची आणि आत पावच नसायचे. शेवटी शेजाऱ्यांनी भट्टी विझवली आणि मावशीने काडीला फोन केला. दुसऱ्याच दिवशी काडी आली. बाप अंगणात उन्हाला बसला होता, मी त्याच्या मांडीवर होतो.

“या, बसा बाई,” तो म्हणाला. “पाव नाहीत हो आज.”

जन्मात त्याने तिला कधी ‘बसा’ म्हटले नव्हते. तिचा चेहरा पडला. बाबा, मी आलेय, असे ती दोनदा म्हणाली. तो ओळख नसलेल्या माणसाकडे पाहून हसतात तसा हसला. मग तिने विचारले, हे बूट कोणाचे.

“पोरीचे,” तो म्हणाला. “माझ्या हातून भाजले. तिचं सगळं मी भट्टीपाशीच वाळवायचो ना. ती वेळेआधी झाली, एवढीशी. तिची आई त्याच दिवशी गेली. डॉक्टर म्हणाले, हिला उबेत ठेवा. मग पीठ मळायच्या परातीत कापड घातलं आणि भट्टीजवळ ठेवली. सारखी कूस बदलायचो. चाळीस दिवस. आणि जगली की हो. तेव्हापासून मला वाटायचं, भट्टीपाशी ठेवलं की सगळं नीट होतं.”

काडीला हे कोणीच सांगितले नव्हते. आईचा विषय त्या घरात कधी निघतच नसे. तिने त्याचे गुडघे धरले. “बाबा, मी फार वाईट बोलले तुम्हाला. चुकलं माझं.”

तो अवघडला. तिचे हात सोडवत म्हणाला, “तुम्ही कशाला रडता बाई? तुम्ही काय केलंत?”

काडी आता येथेच राहते. सकाळी जुन्या पागेत घोडे फिरवते आणि दुपारी त्याच्याशेजारी येऊन बसते. तो रोज तिला त्या चाळीस दिवसांची गोष्ट सांगतो आणि ती रोज ऐकते. मला तिच्या पायात मात्र तो घालू देत नाही. हे पोरीचे आहेत, म्हणतो. उठताना तो तिला विचारतो, “तुम्ही पागेत असता ना? ती भेटली तर सांगा, बाप रागावलेला नाही.” “सांगते,” ती म्हणते.

मित्रांनो, माझ्यासारखा साधा, शिवलेल्या तळाचा जोड घ्या, तो वर्षानुवर्षे साथ देईल. भिजला तर कागद कोंबून सावलीत ठेवा, आणि हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. तरीही कोणी मायेपोटी तुमची वस्तू बिघडवली, तर रागवा, हवे तर एक दिवस अबोला धरा. पण दुसऱ्या दिवशी आपणहून जाऊन बोला. ते माणूस तुम्हाला तुमच्या नावाने हाक मारते आहे, तोवर बोला.