आठ महिन्यांचे आठ घाव

मी हँडल बोलतोय. मोटरचं हँडल. दाराचं नाही हो, ते चिल्लर. मोटरच्या नाकाखालच्या भोकात खुपसून गरकन फिरवायचं असतं ना, ते. दोन ठिकाणी वाकलेला लोखंडी दांडा. माझ्या अंगावर माणसांचं रक्त आहे आणि एका अख्ख्या मोटरचा चुराडा आहे. घाबरू नका, आता गंजलोय. बसा, सगळं सांगतो.

मी अस्सल मुंबईचा. माझगावात एका लोहाराच्या भट्टीत जन्मलो. जन्म कसला, नुसती मारहाण! लालबुंद केलं, ऐरणीवर आडवं घातलं, दे दणादण. मग पाण्यात बुडवलं. मी फुस्स करून ओरडलो, तर तो लोहार हसला. तेव्हाच ठरवलं, जगात राहायचं तर एक तर मार खायचा, नाहीतर द्यायचा. लहान होतो, अक्कल तेवढीच.

एका जुन्या विलायती मोटरबरोबर मला बोटीत टाकलं आणि अठ्ठावन्न साली मी मालवणला उतरलो. ना ट्राम, ना इराण्याचं हॉटेल. धक्क्यावर बांगड्याच्या टोपल्या आणि आमच्याभोवती दोनशे माणसं. म्हटलं, मेलो. इथे कोण ओळखणार आपल्याला?

पण ओळखलं. मोटर घेतली होती भाई वालावलकरांनी. कौलांचा धंदा, बोटांत चार अंगठ्या, आणि डोक्यात एकच खूळ, मोटरची शर्यत. ओहोटीला आमच्याकडे पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, कशी होते माहितीये? ओली, घट्ट, सिमेंटसारखी. जत्रेच्या दिवशी तिच्यावरून मोटरी पळवायच्या, लोकांनी पैजा लावायच्या. भाईंनी मोटरच्या दारावर रंगवून घेतलं, ‘जय कुणकेश्वर रेसिंग पार्टी’. पार्टीत कोण? मोटर ढकलायला चार पैलवान, त्यांचा म्होरक्या गंगाराम, आणि ड्रायव्हर बाबली.

बाबली मिठबावचा. किडकिडीत, कमी बोलणारा. पण गाडीत बसला की साला वारा! पगार ठरला महिना साठ रुपये.

माझा एक वाईट स्वभाव आधीच सांगून टाकतो. मी उलटा मारतो. इंजिन अवेळी पेटलं की मी उलट्या बाजूला असा फिरतो की धरणाऱ्याचं मनगट काडकन. म्हणून मला धरायची रीत आहे. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, माझ्याभोवती गुंडाळायचा नाही. म्हणजे मी उसळलो तरी हातातून सुटतो, हाड वाचतं. गंगारामला मी पहिल्याच आठवड्यात दाखवलं. त्याची दोन बोटं अजून वाकडी आहेत. बाबलीवर मात्र एकदाही हात टाकता आला नाही. त्याचा अंगठा कायम बाहेर. चिडायचो मी त्याच्यावर. मग आवडायला लागला.

एका वर्षात आम्ही चार शर्यती मारल्या. चार चांदीचे पेले भाईंच्या कपाटात, पैजांचे पैसे भाईंच्या कनवटीला. आणि बाबलीला? आषाढापासून दमडी नाही. विचारलं की भाई पाठीवर थाप मारायचे, "शर्यत होवंदे रे, मगे देतंय." शर्यत झाली की पुढची शर्यत. तुम्ही म्हणाल, मग सोडायची नोकरी. सोडली की मागचा पगार बुडाला, समजलं का? मागचं वसूल करायला पुढे राबायचं. असा फास.

बाबलीची बायको सुगंधा गरोदर होती. गंमत बघा, गंमत कसली, पगार जितके महिने थकला तितकेच तिचे भरत आले होते. आधीची दोन मुलं घरीच गेली, पहिला श्वास घ्यायच्या आत. नर्सबाई म्हणाली होती, या खेपेला कोल्हापूरच्या मोठ्या इस्पितळात न्या, घरी ठेवाल तर बाईही जाईल. जायचं तर पैसे हवेत. बाबली मला रोज घरी न्यायचा, चोरीच्या भीतीने, म्हणून हे मी कोपऱ्यातून ऐकलं. सुगंधा भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमच्या भाईंका सांगा, पोटातला ह्या पोर तेंच्या शर्यतीची वाट बघूचा नाय."

बाबलीने फडकं उचललं. मला पुसत बसला.

आणि आली महाशिवरात्र. कुणकेश्वरची जत्रा! देवळापासून पाण्यापर्यंत माणूसच माणूस. अमावास्या तोंडावर, त्यामुळे ओहोटी लांब गेलेली, पुळण आरशासारखी. समोर देवगडच्या आंबेवाल्याची जीप.

शर्यतीआधी आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात. एकाने नारळ धरून देवाला मोठ्याने साकडं घालायचं आणि प्रत्येक मागण्याला सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. पार्टीतर्फे ते नेहमी बाबलीच घालायचा, आवाज खणखणीत म्हणून. त्याने नारळ उचलला. बा देवा कुणकेश्वरा, चाक रुतू देऊ नको. व्हय म्हाराजा! टायर फुटू देऊ नको. व्हय म्हाराजा! फुटलाच तर जीपचा फुटू दे. हसत हसत व्हय म्हाराजा!

मग त्याच सुरात, जरासुद्धा न थांबता, बाबली म्हणाला, "आणि भाईंनी आपल्या डायवराचो आठ म्हयन्यांचो पगार ठेवलेलो आसा, तो आज ह्या पुळणीवर देवची बुद्धी तेंका दी रे म्हाराजा."

आणि सवयीने, हजार तोंडांनी, "व्हय म्हाराजा!"

मग कळलं आपण काय बोललो. माना भाईंकडे वळल्या. नंतर मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळी जत्रा हसायला लागली.

भाई काळे-निळे पडले. मोटर सुरू कर म्हणाले. बाबली मला काखेत मारून उभा राहिला. आधी पगार, मग हँडल. भाईंनी गंगारामकडे बघितलं, बस.

पहिला ठोसा पोटात. बाबली वाकला, पण मला सोडेना. चौघे तुटून पडले. लाथा, गुडघे, कोपरं. गंगारामने मला ओढून काढलं आणि माझ्याच टोकाने बाबलीच्या भुवईवर हाणलं. कातडी फाटलेली मला जाणवली. गरम रक्त माझ्या वळणात साचलं. आजवर मी मार दिला नाहीतर खाल्ला, पण असा कुणाच्या हातून वापरला गेलो नव्हतो. लाज वाटली हो. लोखंडालाही वाटते.

तेवढ्यात जीप एकटीच पळाली आणि एकटीच जिंकली. आमची मोटर जागच्या जागी. ढकलून बघितली तर चाकं ओल्या वाळूत बसायला लागली. सूर्य टेकला आणि भरती फिरली. पाणी चाकांकडे सरकायला लागलं. गंगाराम तर मला हात लावायला तयार नाही, दोन बोटं आठवली त्याला. मग भाई स्वतः पुढे आले. जन्मात पहिल्यांदा मला धरलं. अंगठ्या, मऊ हात. आणि अंगठा? गच्च गुंडाळलेला.

बाबलीने वाळूत पडल्या पडल्या ते बघितलं. तोंडातलं रक्त थुंकून म्हणाला, "भाई, आंगठो भायर काढा."

भाईंना वाटलं टोमणा मारतोय. त्यांनी सगळा जोर लावून मला फिरवलं. इंजिन खोकलं, मी उसळलो. काडकन! हाड कातडीतून बाहेर आलेलं मी पाहिलं. खोटं नाही बोलणार, मजा आली.

पाणी मागच्या चाकाला लागलं. आता भाई रडकुंडीला. डाव्या हाताने कनवटीची गुंडाळी काढली. पैजेसाठी आणलेल्या नोटा होत्या, पाचशे तरी. सगळा पगार तिथेच होता, त्यांच्या कमरेला, सकाळपासून. "घे. आदी मोटर भायर काढ."

बाबली उठला. एक डोळा मिटलेला. अंगठा बाहेर. फिरवलं. पुन्हा फिरवलं. मी जीव तोडून फिरलो, शपथ. पण लाटेचं पाणी मागच्या धुराच्या नळीतून आत गेलं होतं. इंजिन मेलेलं. बाबलीने हात पुढे केला, तर भाईंनी नोटा परत कनवटीला लावल्या. "मोटर चालू झाली नाय, पगार कसलो?"

बाबलीने मला दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं. भाई खाली बसले. मी म्हणत होतो, मार, मार त्याला, मार! बाबली भाईंकडे बघत राहिला. मग वळला आणि मोटरच्या दिव्यावर मला घातलं. काच फुटली. तो ओरडला, "आषाढ!"

दुसरा दिवा. "श्रावण!" पुढची काच, भादवा. रेडिएटर, आश्विन. गंजाचं पाणी अंगावर उडालं तरी थांबला नाही. कार्तिकाला वरचा कापडी टप फाटला. गंगाराम पुढे आला, माझं टोक त्याच्या नाकापासून बोटभर अंतरावरून गेलं, तो मागे झाला. मार्गशीर्ष. पौष. आणि प्रत्येक घावाला ती जत्रा, आता सवयीने नाही, ओरडत होती, "व्हय म्हाराजा!" आठवा घाव दारावरच्या नावावर. माघ.

मग भरतीने मोटर घेतली.

भाई निघून गेले. पगार? नाही मिळाला. पण फुलं विकणारी राधाबाई पुढे आली, आपला पदर बाबलीसमोर पसरला आणि लोकांवर खेकसली, "तोंडान व्हय म्हटल्यात मां? मगे आता खिशात हात घाला." आणे पडले, अधेली पडली, रुपयेही पडले. देवासमोर होकार दिलेला, मागे कोण घेणार? कोल्हापूरला जाण्याइतके झाले.

पोर रडत जन्माला आली. तुळसा.

आता सहासष्ट साल आहे. बाबली एस.टी. चालवतो, भुवईवर व्रण आहे, पगार एक तारखेला. गाड्या बटण दाबलं की सुरू होतात, मला कोण विचारतो? मी मिठबावला, दाराला अडसर. खाऱ्या वाऱ्याने पापुद्रे सुटतात. तक्रार नाही. फक्त कधी आलात आणि मला उचलावंसं वाटलं, तर भुवईला लागलेलं टोक जरा हळू टेका. तिथे मला अजून लाज वाटते.

सात वर्षांची तुळसा रोज सकाळी दार उघडायला मला दोन्ही हातांनी धरते. बाबली आतून, बघतसुद्धा नाही, नुसतं म्हणतो, "आंगठो भायर गो." ती अंगठा बाहेर काढते. मी तिच्या हातात अगदी गप्प राहतो.