कार्ड फॉरमॅट करायचं नाही

माझी आई तलाव पोहून पलीकडच्या काठाला लागली, तेव्हा आनंदाच्या भरात बाबांनी होडीतून थेट पाण्यात उडी मारली. पाणी कमरेएवढंच होतं, त्यामुळे बाबांना काही झालं नाही. फोन मात्र त्यांच्या पँटच्या खिशात होता.

आई इस्पितळाच्या धुलाईघरात काम करते. गुडघे कुरकुरायला लागले म्हणून डॉक्टरांनी तिला पोहायला सांगितलं आणि पन्नाशी उलटल्यावर ती पहिल्यांदा तरणतलावात उतरली. "जन्मभर पाण्यात हात घातलेत, आता अख्खीच उतरते," असं म्हणत कठड्याची दांडी घट्ट धरून ती पाय मारायला शिकली. गुडघे बरे झाले, पण पोहणं काही सुटलं नाही. एक दिवस जेवताना तिने जाहीर केलं की ती तलाव पार करणार. बाबा घास हातात धरून म्हणाले, "बघू."

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. बोलणं बेताचं. माणसाने काही विचारलं की ते 'बघू' म्हणत, आणि फोनने काही विचारलं की न वाचता 'होय' दाबत. ही दुसरी सवय आम्हाला महागात पडणार होती.

जलतरण संघटनेचा नियम साधा होता. सोबतच्या होडीतून सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग चित्रण करायचं. पोहणाऱ्याने होडीला हात लावला नाही, कुणी आधार दिला नाही, हे त्यात दिसलं पाहिजे. ते बघून संघटना नोंद करणार. बाबांनी फोन पॉवर बँकेला जोडला, होडीत मांड ठोकून बसले आणि हात अवघडला तरी फोन खाली ठेवला नाही. काठ आल्यावर चित्रण थांबवलं, फोन खिशात टाकला आणि मग ती उडी.

घरी आल्यावर मी ओल्या फोनमधून मेमरी कार्ड काढलं, पुसलं आणि माझ्या फोनमध्ये घातलं. वाटलं, कार्ड तर वाचलंय, झालं काम. पण पडद्यावर संदेश आला, 'हे कार्ड एन्क्रिप्ट केलेले आहे. वापरण्यासाठी फॉरमॅट करा.' खाली मोठं निळं बटण. मी बोट पुढे नेलं आणि कसं कोण जाणे, थांबलो. आधी ताईला फोन लावला.

माझी मोठी बहीण मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवते. तिचं बोलणं मला अजून शब्दन् शब्द आठवतं.

"बटण दाबलंस?"

"नाही."

"मग फोन टेबलावर ठेव आणि लांब हो. मी आलेच."

ताई आली ती चप्पल न काढताच आत. कार्ड काढून तिने एका डबीत ठेवलं आणि मग बाबांकडे वळली. "बाबा, फोनने कधी विचारलं होतं का, कार्ड सुरक्षित करू का म्हणून?"

बाबांनी मान खाली घातली. "विचारलं असेल. मी होय म्हटलं असेल."

"म्हणजे फोनने कार्डाला कुलूप घातलंय," ताई आम्हाला समजावत म्हणाली. "किल्ली त्याच फोनच्या पोटात. दुसऱ्या फोनला त्या कार्डावर नुसता कचरा दिसतो, म्हणून तो फॉरमॅट करा म्हणतो. फॉरमॅट केलं की आतलं सगळं गेलं. आणि हा भिजलेला फोन कुणी रीसेट केला तरी गेलंच, कारण मग किल्लीच पुसली जाते."

बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. अख्ख्या तलावात भिजून आलेला माणूस, पण ओठ कोरडे पडले होते. आई केस पुसत उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "मी पोहले ते मला माहीत आहे. नाहीच मिळालं तर पुन्हा पोहेन."

"मुळीच नाही," ताई म्हणाली. "तुझं काम तू चोख केलंस. आता माझं."

दुसऱ्या दिवशी मी दुकानात तिच्या शेजारी स्टूल टाकून बसलो. दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा, भिंग आणि भिंतीवर लटकणारी कव्हरं. ताईने फोन उघडला. आत चिखलाचा बारीक थर आणि जोडणीच्या पिनांवर हिरवट डाग. तिने पट्ट्या सोडवल्या, बोर्ड बाहेर काढला आणि स्पिरिटमध्ये बुडवलेल्या मऊ ब्रशने तो इतक्या हळुवार घासला की लहान मुलाचे दात घासतेय असं वाटावं. गिऱ्हाईक आलं की मी हात जोडून 'थोड्या वेळाने या' म्हणायचो. फुगलेली बॅटरी तिने बाजूला ठेवली, नवी जोडली आणि बटण दाबून धरलं.

काहीच नाही. तिने परत सगळं सोडवलं, भिंगाखाली एक पिन सरळ केली, सुटलेल्या एका टाक्याला सोल्डरिंगचा डाग दिला आणि पुन्हा बटण दाबलं. फोन थरथरला. पडदा उजळला. मी ओरडलो, पण ताई नुसती "हं" म्हणाली.

पडद्यावर आकडे दिसत होते आणि वर लिहिलं होतं, 'पिन टाका.' ताईने बोट लावलं, तर काही हललं नाही. पडदा दिसत होता, पण स्पर्श मेला होता. "त्याचं काही नाही, माउस लावते," ती म्हणाली. "खरी पंचाईत दुसरीच आहे. बाबांना बोलाव."

आई आणि बाबा दोघंही आले. ताईने विचारलं, "बाबा, पिन काय आहे?"

बाबा गोंधळले. "मी तर अंगठा लावतो. अंगठा लावला की उघडतो."

"फोन बंद होऊन चालू झाला की अंगठा चालत नाही. तेव्हा आकडे लागतात."

"कधीतरी टाकायचो खरं. आता आठवत नाहीत गं." बाबांचा आवाज अगदी खाली गेला. "अंदाजाने टाकून बघू?"

"अंदाजाने एकही नाही. फार चुकलं तर हा फोन स्वतःच सगळं पुसून टाकेल."

ताई फोनकडे बघत राहिली, आणि मग तिला काहीतरी सुचल्याचं मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. तिने तो फोन उचलून बाबांच्या हातात दिला.

"बाबा, स्पर्श मेलाय. तुम्ही कुठेही दाबलं तरी फोनला कळणार नाही. आकडे आठवू नका. लिफ्टचं काम चाललंय, वरून कुणीतरी हाका मारतंय, तुम्हाला घाईने फोन उघडायचाय. उघडा."

"असं कसं..."

"अहो, ताई सांगतेय तसं करा ना," आई म्हणाली.

बाबांनी डोळे मिटले. फोन मुठीत नेहमीसारखा धरला आणि त्यांचा अंगठा आपोआप निघाला. खाली, वर कोपऱ्यात, मधे, परत खाली. ताईने त्यांना पुन्हा करायला लावलं. अंगठा त्याच वाटेने गेला. मग तिने त्यांना चहा पाजला, शेजारच्या मोडक्या लिफ्टबद्दल चार गोष्टी विचारल्या आणि अचानक म्हणाली, "उघडा बघू." पुन्हा तेच आकडे.

तिने फोनला माउस जोडला. एकेक आकडा बाण नेऊन दाबला. शेवटचा दाबताना आईने माझं मनगट धरलं होतं, पोहणाऱ्या हाताने, त्यामुळे चांगलंच दुखलं.

फोन उघडला. बाबा मटकन स्टुलावर बसले.

पण ताई अजून उठली नव्हती. कार्ड आत घातल्यावर फोन म्हणाला, 'कार्ड वाचता येत नाही.' तिने ते बाहेर काढलं, त्याच्या सोनेरी पट्ट्या स्पिरिटने पुसल्या, वाळू दिल्या आणि परत सरकवलं. या वेळी फोनने ओळख दाखवली. मी म्हणालो, "आता कुलूप काढून टाक." तिने नकारार्थी मान हलवली. "अर्ध्या वाटेत हा फोन बंद पडला तर सगळंच हातचं जाईल. आधी उघड्या दारातून सामान बाहेर काढायचं." तिने फोन संगणकाला जोडला आणि चित्रणाची प्रत काढायला लावली. फोन तापायला लागला, तसा पंखा त्याच्याकडे फिरवला. हिरवी पट्टी टोकाला पोचेपर्यंत आम्ही चौघं संगणकाच्या पडद्यावर नजर रोखून होतो. मग तिने दुसरी प्रत काढली, आणि तेव्हा कुठे पाठ ताणून म्हणाली, "घे आई. तुझा तलाव."

आम्ही तिथेच चित्रण लावलं. पाणी, आणि त्यात आईची निळी टोपी. एक हात वर, दुसरा हात वर, जराही घाई नाही. मधेच वारा सुटला, लाटा तोंडावर येऊ लागल्या, तरी तो हात तसाच वर येत राहिला. आणि होडीतून आवाज येत होता. बाबांचा. नावाड्याशी बोलत होते.

"बघा, बघा, दमतेय का? नाही दमत. इस्पितळातल्या ओल्या चादरी उचलून उचलून हे खांदे झालेत. मी लिफ्टच्या मोठमोठ्या मोटारी बसवल्यात, पण असं यंत्र नाही पाहिलं. माझी बायको आहे ती. काय?"

नावाडी म्हणाला, "तुम्ही चौथ्यांदा सांगताय, साहेब."

"मग पाचव्यांदा ऐका."

बाबांनी आवाज कमी करायला हात पुढे केला. आईने तो वरच्यावर पकडला. "राहू दे," ती म्हणाली. "आपण घरात राहतो तेव्हा हे सगळं कुठे असतं?" बाबा म्हणाले, "बघू." आणि आम्ही सगळे खो खो हसलो, पण आईचे डोळे भरले होते.

संघटनेच्या सचिवबाईंनी ते चित्रण बसून पूर्ण पाहिलं आणि नोंद मंजूर केली. सभेत आईला पुढे बोलावून फुलं दिली, दोन शब्द बोला म्हणाल्या. आई माइकसमोर उभी राहिली. खांदे सरळ, मान ताठ, काठावर उभी असते तशी.

"पोहले मी," ती म्हणाली. "ते पोहणं पाण्यातून बाहेर काढलं ते माझ्या लेकीने. ताई, उभी राहा. सगळ्यांना दिसू दे."

ताई लाजून खुर्चीतच अंग चोरून बसली. बाबांनी तिला दंडाला धरून उभं केलं आणि सगळ्यात आधी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.