हळद लागलेली नोट

धोंडिबाच्या पिंडाला कावळा शिवेना. दहाव्याला जमलेली उर्से गावची भावकी पवनेच्या घाटावर ताटकळत उभी होती आणि कावळे शेडच्या पत्र्यावर बसून खुशाल मजा बघत होते. कावळा शिवला नाही म्हणजे मेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय, हे का कुणाला शिकवावं लागतं? कशात अडकलाय ते मात्र एकट्या श्रीपतीला ठाऊक होतं, आणि तो तोंडात मिठाची गुळणी धरून उभा होता.

श्रीपती लोणावळ्याचा, रेल्वेतून तिकीटबाबू म्हणून रिटायर झालेला. तीस वर्षांपूर्वी धोंडिबाने त्याच्या खिडकीतून एक जुनी नोट सरकवून विचारलं होतं, "सायेब, ही चालंल का?" तिथून मैत्री जुळली. दोघांना वेड एकच: देश स्वतंत्र झाल्यावर छापलेल्या पहिल्या नोटा. राजाचं तोंड जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले, त्या. भंगारवाले, सराफ, पुण्याचा जुना बाजार, दोघांनी काही म्हणून सोडलं नाही.

सगळ्यांत भारी नोट धोंडिबाकडे होती, दोनाची. तिच्यावर हिंदीत 'दो रुपया' छापलेलं. पुढे कुणा शहाण्याने व्याकरण सुधारून 'रुपये' केलं आणि चुकलेल्या नोटेला भाव आला. धोंडिबाच्या वडिलांनी ती मिळाली तशी पेटीत टाकली होती. घडी नाही, डाग नाही. श्रीपतीकडेही तसलीच एक होती, पण त्याच्या बायकोने लक्ष्मीपूजनाला ती पाटावर मांडून तिला हळदीचं बोट लावलं. लक्ष्मी म्हटली की हळद-कुंकू आलंच, त्या माउलीची काय चूक? पण जमवणाऱ्याच्या लेखी नोट नासली. धोंडिबाला मात्र त्याने हे कळू दिलं नाही.

बावीस वर्षांपूर्वी, भाऊबीज झाल्यावर, श्रीपती उर्से गावी फराळाला गेला. धोंडिबा अल्बम त्याच्या पुढ्यात ठेवून म्हशीची धार काढायला गोठ्यात गेला. तेवढ्यात श्रीपतीने बरोबर आणलेली आपली डागाळलेली नोट तिथे सरकवली आणि कोरी खिशात घातली. वर चहा पिऊन निघाला, निलाजरा.

डाग दिसला तेव्हा धोंडिबाने थेट बायकोवर आळ घेतला. नंदाबाई दर दिवाळीला पैशाला हळद-कुंकू वाहायची, मग आणखी कोण? ती बिचारी देवीच्या शपथा घेऊन थकली. धोंडिबाने तिच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच. "तुज्या आईला सांग, जेवान वाड," असं लेकाकरवी. बावीस वर्षं, एका घरात! श्रीपती येता-जाता हे बघत होता. खाई त्याला खवखवे म्हणतात. याने ती खवखवही गिळली. सांगू सांगू म्हणता दिवाळ्या गेल्या, आणि आता ज्याला सांगायचं तोच उरला नव्हता.

पिंडाजवळ धोंडिबाचा चष्मा, तंबाखूची डबी आणि तो अल्बम मांडला होता. लेक संदेश हात जोडून म्हणाला, "आबा, आईला संबाळीन. रान इकनार न्हाई." कावळे हलले नाहीत. मग तो श्रीपतीकडे वळला. "काका, तुमी त्यांचं मैतर. तुमाला ठावं आसंल त्यांच्या मनातलं. तुमीच बोला."

श्रीपती पुढे झाला. जिभेवर आलं होतं सगळं. पण भोवती शंभर माणसं, आणि सत्तरीला आलेली अब्रू. "धोंडिबा," तो म्हणाला, "तुझ्या नोटांना मी अंतर देणार नाही." एका कावळ्याने मान वळवली, एवढंच.

भटजी दर्भाचा कावळा करायला बसले. तेवढ्यात बायकांतून नंदाबाई उठली. डोईवरचा पदर सावरून पिंडापुढे उभी राहिली आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा नवऱ्याशी थेट बोलली.

"आवं, ऐका. व्हय, म्याच लावली व्हती हळद. खोटं बोलले मी. चुकले. आता मोकळं व्हा."

पत्र्यावरून एक कावळा उतरला. पिंडाला चोच मारून उडाला.

"शिवला! शिवला!" माणसं सुटल्यासारखी हलली. मागे बायकांत कुजबुज सुरू झाली, "बगा की, आपल्या हातानं करून इतकी वर्सं न्हाई म्हनत व्हती!" श्रीपतीने ते ऐकलं. नंदाबाईनेही ऐकलं.

माणसं पांगल्यावर ती अल्बम घेऊन श्रीपतीजवळ आली. आवाज खाली घेऊन म्हणाली, "भाऊ, म्या न्हवती लावली हो. पन त्येंचा जीव घुटमळताना बगवंना. तुमाला तरी खरं वाटतं का?"

श्रीपती अल्बमकडे बघत म्हणाला, "वाटतं, वहिनी. तुम्ही नव्हती लावली."

नंदाबाईला रडू फुटलं. इतक्या वर्षांत असं म्हणणारा हा पहिलाच माणूस. डोळे पुसून तिने अल्बम पुढे केला. "मंग ह्यो तुमीच न्या. तुमच्याबिगर खरं मानूस न्हाई आमाला."

आणि श्रीपतीने तो घेतला.