सोबत कोण

त्या काळी रुग्णवाहिकेवर बायका फारशा नसत. ती मात्र सतरा वर्षं होती. रीतसर शिकून तंत्रज्ञ झालेली, पण लोक तिला सिस्टरच म्हणत, आणि तिनेही कधी कोणाला दुरुस्त केलं नाही. दिसेल त्या म्हाताऱ्या बाईला ती मावशी म्हणे. सुरुवातीला मनापासून, पुढे पुढे नुसतं तोंडाला वळण पडलं म्हणून.

त्या दुपारी वायरलेसवर पत्ता आला. दुसरा मजला, वृद्ध महिला, बेशुद्ध. घर तिचंच होतं. चालक तिच्याकडे बघत राहिला. त्याला सगळे वकील म्हणत, कारण तो लाल दिव्याशीही वाद घाले. दुसरी गाडी अर्ध्या तासावर होती.

"चल," ती म्हणाली.

शेजारणीने दार उघडलं. आई स्वयंपाकघरात आडवी पडली होती, अंग घामाने भिजलेलं. ओट्यावर दोन ताटं झाकलेली. लेक एक वाजता जेवायला येते सांगून गेली होती आणि आता तीन वाजले होते. आई इन्सुलिन टोचून घेऊन वाट बघत बसली होती, न जेवता. हे सगळं तिला कळलं, पण दुसऱ्या कोणाच्या घरातलं कळावं तसं. तिने बोट टोचून साखर पाहिली. अठ्ठावीस. शीर एका फटक्यात सापडली, ग्लुकोज आत गेलं.

"मावशी, डोळे उघडा. नाव सांगा बघू तुमचं."

आईच्या पापण्या हलल्या. तिची नजर लेकीच्या चेहऱ्यावर स्थिरावली.

"मावशी कोणाची गं? जेवलीस का?"

वकील खाली मान घालून स्ट्रेचरचे पट्टे आवळू लागला.

दवाखान्यात तिने नेहमीचा कागद भरला. वेळ, साखर, औषध. आईने चष्मा मागून घेतला. औषधाच्या बाटलीवरचं लेबलसुद्धा ती वाचल्याशिवाय सोडत नसे. शेवटच्या ओळीवर तिचं बोट थांबलं. 'रुग्णासोबत कोण' यापुढे लेकीने लिहिलं होतं, कोणी नाही.

आई रागावली नाही. "हे चुकलंय," एवढंच म्हणाली. "नीट कर."

लेकीने ते खोडून वर 'मुलगी' लिहिलं. अक्षर नेहमीसारखं सुबक आलं. तेवढ्यात वकील दारात आला. पुढचा कॉल होता.

"माझ्या जागी कोणाला तरी घे," ती म्हणाली.

डोळे कोरडेच होते. कागदावर तसं लिहिलं होतं, म्हणून ती स्टूल ओढून बसली.