बगळ्याचा झटका

पंच्याण्णव साली बोटीवरून सुट्टीला सिंगापुरातल्या बिशानच्या फ्लॅटवर परतलो, तर मधुमतीचे हात मोकळे. लग्न झाल्यापासून माझ्या बायकोच्या हातात हिरव्या बांगड्या नाहीत असं कधी झालं नव्हतं. मी समुद्रावर असताना तर ती एकही उतरवत नसे.

"बांगड्या कुठायत?"

"वाढवल्या."

"सगळ्याच?"

"हो, सगळ्याच. चहा घ्या, गार होतोय."

मी मरीन इंजिनियर माणूस. तेल कुठून गळतंय हे सापडल्याशिवाय मला जेवण जात नाही. तिच्या हातांवर निळे डाग. रोज सकाळी उजाडायच्या आत वॉकला जाणं. आणि फोनवर कोणीतरी अंकल सेंग. वॉकला गेल्यावर हातांवर डाग पडतात होय? माझं डोकं फिरायची वेळ आली. तोंडाने मात्र मी काही बोललो नाही, बोललो असतो तर ती सावध झाली असती.

आठवड्याने एका पहाटे तिच्या मागोमाग उतरलो. शेजारच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत एक चिनी म्हातारा उभा होता, गंजीफ्रॉकवर, सत्तरीचा पण ताठ. मधुमती त्याच्यासमोर. दोघांचे हात कोपरापासून मनगटापर्यंत एकमेकांना चिकटलेले, सावकाश गोल फिरतायत. आणि हिचे डोळे मिटलेले! माझ्या हातात हात द्यायचा तर ही बाई आधी आजूबाजूला बघते, कोणी पाहत नाही ना म्हणून.

अंगाचा नुसता भडका उडाला. तरातरा गेलो आणि तिचं मनगट पकडलं. "चल घरी."

तिने नीट बघितलंही नाही. पंख झटकावा तसा हात झटकला, माझी पकड सुटली आणि दुसऱ्या हाताचा तळवा छातीवर बसला. मी खाली सिमेंटवर.

"व्हाइट क्रेन," म्हातारा शांतपणे म्हणाला. "टायगर पकडतो, क्रेन सुटतो. गुड, लेडी."

मधुमतीने मला उठवलं. कुंगफूतली ही बगळ्याची पद्धत, म्हणाली. समोरच्याचा जोर कुठून येतोय ते डोळे मिटून हातालाच कळायला हवं. त्यात बांगड्या टिकत नाहीत, पहिल्याच आठवड्यात फुटल्या.

"पण हे खूळ कशासाठी?" मी कपडे झटकत विचारलं.

"तुम्ही गेल्यावर लिफ्टमध्ये एकाने मनगट धरलं होतं. काही केल्या सुटेना. दार उघडलं म्हणून वाचले."

"मला कळवलं नाहीस?"

"काय कळवू? तुम्ही आधी विचारलं असतंत, एवढ्या उशिरा कुठून येत होतीस."

तोच प्रश्न माझ्या तोंडाशी आला होता. ती मनगट चोळत होती, मी धरलं होतं तेच.

"त्याच्यानंतर माझा हात असा धरणारे तुम्हीच," ती म्हणाली.