फोलाचं पान

फोल अंजीर फोडून पाहिलंय कधी? नका पाहू. आत गर नाही, रस नाही. नुसता कोरडा भुगा आणि त्यात वळवळणारी काळी चिलटं, शेकड्यांनी. नऊ वर्षं या रोपवाटिकेत काम करतेय मी, पण अजूनही ते फळ हातात फुटलं की मी लांब फेकून देते. झाड मात्र ठेवावंच लागतं. फोलातली चिलटं खाण्याच्या अंजिरात शिरली नाहीत, तर आमच्याकडच्या जातीचं फळ धरत नाही, गळून जातं. म्हणून वीस खाण्याच्या झाडांमागे एक फोल लावायचा. एकच. जास्त लावून काय चिलटं खायचीत?

पंचाईत अशी, की रोपं लहान असताना दोन्ही जुळ्या भावांसारखी दिसतात. फळ दिसायला तीन वर्षं लागतात. तोवर पानावरून ओळखायचं, आणि पानाचा आकार तर हमखास फसवतो. एकाच फांदीवर खाली सबंध पान असतं नि वर पाच बोटांचं. तेव्हा आकार बघायचाच नाही. पान उलटं करायचं आणि शिरेवरून देठाकडे अंगठा ओढायचा. फोलाचं पान खरखरतं, खाण्याचं मऊ लागतं. हे मला मामंजींनी शिकवलं, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी. मोतीबिंदूनं त्यांची नजर गेली तरी रोपं तेच निवडायचे, अंगठ्यानं. त्यांचं रोप कधी चुकलं नाही. लोक त्यांच्या शब्दावर रोपं न्यायचे.

आणि आमचे भाऊजी! धाकटे दीर. नवरा नोकरीसाठी लांब, त्यामुळे धंदा दिरांच्या हातात. परवा जाहिरातीसाठी फोटो काढायचा म्हणून यांनी तीनशे पिशव्यांमधल्या नावाच्या पट्ट्या उपटून टाकल्या. "फोटोत कचरा दिसतो हो, वहिनी." खाण्याची आणि फोल, सगळी रोपं एकत्र.

"आता एकेक पान चाचपून पुन्हा निवडणार कोण?" मी विचारलं.

"निवडायचं काय त्यात? सगळी खाण्याची म्हणून द्यायची. तीन वर्षांनी कोण विचारायला येतंय?" काडीनं दात कोरत म्हणाले, आणि काडी तिथंच एका पिशवीत टाकली. मला शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बागवाले टेम्पो घेऊन आले. नोकरी संपवून आलेला साधा माणूस, होती नव्हती ती सगळी जमीन अंजिराखाली घालणार होता. दोनशे खाण्याची रोपं हवी होती त्यांना, दहा फोल आधीच नेले होते. "आजोबांचा एकदा हात फिरू दे, मग चढवतो," ते म्हणाले.

भाऊजींचा चेहरा पडला. पण क्षणभरच. मग आवाजात साखर घोळवून म्हणाले, "बाबांचं काही खरं नाही हो आता. परवा स्वतःच्या चपला ओळखल्या नाहीत." धादांत खोटं! "थांबा, तुमच्यासमोरच दाखवतो." शेडमागे गेले आणि दोन पानं तोडून आले. एक सबंध, एक पाच बोटांचं. "बाबा, यातलं फोलाचं कुठलं नि खाण्याचं कुठलं?"

मामंजींनी दोन्ही पानं उलटी केली, अंगठा ओढला. "दोन्ही फोलाची. एकाच झाडाची आहेत."

भाऊजी खो खो हसले. "अहो, शेंबडं पोरही सांगेल, दोन वेगळी आहेत म्हणून!" आणि बागवाल्यांकडे बघत स्वतःच्या कपाळाशी बोट गोल फिरवलं. सख्ख्या बापासमोर, त्याला दिसत नाही म्हणून. थुंकावंसं वाटलं मला.

मी तडक शेडमागे गेले. अंजिराचं पान तोडलं की पांढरा चीक येतो. ताजा चीक दोनच ठिकाणी ओघळत होता, दोन्ही एकाच फांदीवर. फांदी खाण्याच्या झाडात घुसलेली होती खरी, पण तिच्यावरून हात मागे मागे नेला तर निघाली फोलाच्या खोडातून. म्हणजे एक पान या झाडाचं आणि एक त्या झाडाचं तोडलं, असं भाऊजी समजत होते! जन्म गेला यांचा या झाडांखाली. मी फांदी मोडली आणि घेऊन आले.

"मामंजींचं बरोबर आहे," मी बागवाल्यांना म्हटलं. "ही बघा, दोन्ही पानं इथून तोडलीत. आणि ही रोपं नेऊ नका, यात फोल मिसळलेत."

भाऊजी पांढरेफटक पडले. "घरचं भांडण आहे हो, मनावर घेऊ नका. कुठलीही फांदी मोडून आणलीय वहिनींनी."

बागवाले गोंधळले. "आजोबा, तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल तसं करतो."

मी फांदी मामंजींच्या हातात दिली. ओल्या चिकावरून त्यांचा अंगठा फिरला. एका पानाचा देठ त्यांनी तुटल्या जागी लावून पाहिला, तो चपखल बसला. दुसराही बसला. कळलं होतं त्यांना, चेहऱ्यावर दिसलं मला. बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात भाऊजी हळूच म्हणाले, "बाबा..."

मामंजींनी तोंड मिटलं. मग म्हणाले, "मला नाही आता कळत काही. तो म्हणतो तेच बरोबर. आणि सुनेला कुठलं कळतंय यातलं? खुशाल न्या तुम्ही."

पिशव्या चढल्या. मी टेम्पोच्या आडवी उभी राहून घसा फोडून ओरडत होते. बाईमाणसाशी वाद नको म्हणून बागवाले खाली मान घालून टेम्पोत जाऊन बसले. भाऊजींनी शीळ घालत दोर आवळला आणि माझ्या दंडाला धरून मला बाजूला केलं.

मामंजी ओट्यावर बसून राहिले होते. हात चिकानं बरबटले होते, आणि तो कातडीला झोंबतो.

"पोटचा पोर आहे गं," ते म्हणाले. "चारचौघांत त्याला उघडं कसं पाडू?"

"आणि त्या माणसाची तीन वर्षं?"

त्यांनी नुसता हात पुढे केला. "फडकं दे, सूनबाई. आग होतेय."

फडकं माझ्या खांद्यावरच होतं. मी दिलं नाही.