समुद्राचा बिल्ला

योगेंद्र सुट्टीवर आपल्या गावी, एकोडीला आला होता, पण त्याचा पाय घरात ठरत नव्हता. जहाजावरच्या साहेबांनी फोनवर विचारलं होतं, समुद्रावर वर्षं काढलेल्या नौसैनिकांना गणवेशावर वेगळा बिल्ला द्यावा का? संध्याकाळपर्यंत मत कळव.

त्यात सकाळी झेंडावंदनाला तो आणि त्याची बहीण मेघा हिचा नवरा विक्की, दोघं नौदलाच्या गणवेशात शेजारी उभे राहिले. सरपंचांनी दोघांनाही ‘समुद्राचे राखणदार’ म्हटलं. विक्की तर कित्येक वर्षं किनाऱ्यावरच्या भांडारात होता. योगेंद्रच्या मनात ते सलत राहिलं.

जेवताना तो बोलून गेला, “लाटा खाणारा कोण अन् भांडारात बसणारा कोण, हे लोकांले दिसलं पाह्यजे.”

विक्कीने हात धुतले आणि तो तळ्याकडे निघून गेला.

मेघाने भाताचं पातेलं खाली आदळलं. “दादा, यांचा डावा कान जहाजावर गेला. इंजिनाजवळ स्फोट झाला होता. वापस जहाजावर पाठवा म्हणून किती अर्ज केले, डॉक्टर नाहीच म्हणतात.”

योगेंद्रने हातातला घास ताटात ठेवला. तो तसाच उठला. विक्की तळ्याच्या पाळीवर उभा होता.

“जवाईबापू, मले सांगतलं काहून नाही?”

“सांगून काय करू? लोकं कीव करतील.”

“मंग मी बिल्ला नको म्हणून कळवतो.”

“माह्यासाठी खोटं कायले बोलता, भाऊ? तुमच्या बाबांच्या मातीले तुमाले येता आलं नाही. जहाज समुद्रात होतं. ते कुठंतरी दिसलंच पाह्यजे. पण समुद्रावर मीबी होतो.”

योगेंद्रने तिथूनच फोन लावला. “साहेब, बिल्ला द्यावा. पण समुद्रावर जखमी होऊन किनाऱ्यावर आलेल्यांनाही द्यावा. त्यांची वर्षं कमी भरली तरी.”

“तो वेगळा प्रश्न आहे,” साहेब म्हणाले. “तुझं हो लिहितो.” फोन बंद झाला.

“काय म्हणले?” विक्कीने विचारलं.

“वेगळा प्रश्न आहे म्हणले.”

विक्की खाली बांधीत धानाची रोपं लावणाऱ्या, रोवणीच्या बायांकडे बघत राहिला. योगेंद्रला एका जागी उभं राहवेना. पाळीवर दोन फेऱ्या मारून त्याने पुन्हा साहेबांचाच नंबर लावला.